१० अँपिअरचा रिले अर्ध्या अँपिअरला चिकटतो कसा?

रात्रपाळी :

नमस्कार मंडळी. मेंटेनन्सला आहे, एका कन्व्हेयरने डोकं उठवलंय.

१.५ किलोवॅटची ब्रेक मोटर आहे. पेटी सेन्सरसमोर आली की मोटर थांबते, ब्रेक लागतो, वरून नोझल उतरून पेटी भरतं आणि कन्व्हेयर पुन्हा सुटतो. ब्रेक नेहमीचाच, स्प्रिंगवाला. कॉइलला सप्लाय दिला की सुटतो, काढला की लागतो. पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) आउटपुट २४ व्होल्ट डीसी कॉइलच्या एका प्लग-इन रिलेला जातं आणि त्या रिलेचा एक एनओ पॉइंट (एरवी उघडा, कॉइलला सप्लाय मिळाला की जुळणारा) ब्रेकला सप्लाय देतो.

हा रिले चिकटतो. परवा तिसरा बदलला. एलईडी विझलेला, कॉइलवर शून्य व्होल्ट, तरी पॉइंट सुटत नाहीत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टपली मारली की सुटतात, दोन-तीन तास चालतात, मग परत तेच. मागच्या वेळी मोटर बंद झाली पण ब्रेक लागलाच नाही, पेटी तशीच पुढे घसरली आणि नोझल तिच्या कडेवर बसलं.

रिलेच्या झाकणावर स्पष्ट छापलंय, १० ए, २५० व्होल्ट एसी. डीसी क्लॅम्प लावून ब्रेकचा करंट मोजला, ०.५५ अँपिअर. म्हणजे अठरापट मार्जिन असून पॉइंट जळतात. साहेब म्हणतात १६ अँपिअरचा टाक. टाकू का? शिवाय महिनाअखेर स्पेअरची यादी द्यायची आहे : पुश बटणं, लिमिट स्विच, हीटरचा एसएसआर (पॉइंट नसलेला सॉलिड स्टेट रिले). घेताना अँपिअरशिवाय आणखी काय बघायचं, तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

पक्कड :

१६ पण नको. सरळ ३० अँपिअरचा पॉवर रिले टाका, पॉइंट जाडजूड असतात. विषय संपला.

जुना पॅनेलवाला :

विषय संपत नाही हो, पुढच्या महिन्यावर जातो. एकाच पॉइंटचा मोठा रिले म्हणजे जळायला जास्त चांदी, एवढंच. दोन पॉइंटमधलं अंतर जवळपास तेवढंच राहतं आणि इथे भांडण त्या अंतराचं आहे.

रात्रपाळी, आधी तीन गोष्टी सांगा. रिलेचा पॉइंट रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करतो त्याच्या) आधी एसीत आहे की नंतर डीसीत? ब्रेक दिवसातून किती वेळा लागतो? आणि चिकटलेला रिले अजून टाकून दिला नसेल तर झाकण उघडून पॉइंट भिंगाखाली बघा. दोन्ही सारखेच काळे पडलेत, की एकावर फोड आणि समोरच्यावर खड्डा?

रात्रपाळी :

काका, तीनही रिले ठेवलेत डब्यात.

रेक्टिफायर मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये आहे, हाफ वेव्ह. २३० व्होल्ट एसी आत, ब्रेकच्या कॉइलवर मोजले तर १०३ व्होल्ट डीसी. रिले डीसी बाजूला आहे. पॅनेलपासून मोटरपर्यंत त्यासाठी दोन वेगळ्या वायर ओढल्यात. मशीन असंच आलं होतं.

सायकल साधारण दर १० सेकंदांनी. दोन शिफ्ट, म्हणजे १६ तास.

आणि भिंगाखाली पाहिलं. तुम्ही पॅनेल न बघता कसं ओळखलंत? हलणाऱ्या पॉइंटवर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा टेंगूळ आलाय आणि समोरच्या पॉइंटवर बरोबर तेवढाच खड्डा. हाताने पट्टी दाबली तर टेंगूळ खड्ड्यात जाऊन बसतं, आणि सोडली तर क्षणभर अडकून मग टक् करून सुटतं. तिन्ही रिलेंमध्ये तेच.

जुना पॅनेलवाला :

ओळखलं कारण डीसीची ती सही आहे. एसीत करंटची दिशा सारखी बदलते, त्यामुळे दोन्ही पॉइंट कमीअधिक सारखेच झिजतात. डीसीत ठिणगी कायम एकाच दिशेने ओढते, म्हणून एका पॉइंटचा धातू निघून दुसऱ्यावर साचत जातो. शेवटी टेंगूळ आणि खड्डा एकमेकांत कडी लावल्यासारखे बसतात. तुमचा रिले दर वेळी वेल्ड होतोच असं नाही, बऱ्याचदा नुसता अडकतो. म्हणूनच टपलीने सुटतो.

आता त्या १० अँपिअरचं बघू. झाकणावर एसी असं छापलंय ना? ५० हर्ट्झला करंट दर १० मिलिसेकंदांनी शून्यावर येतो. पॉइंट उघडताना पडलेली ठिणगी त्या शून्यावर आपोआप विझते. डीसीत असं शून्य येतच नाही. दोन पॉइंटमधलं अंतर ठिणगीला ताणून तोडण्याएवढं असलं तरच ती तुटते, आणि अशा रिलेत ते अंतर जेमतेम असतं. याच रिलेच्या डेटाशीटमध्ये व्होल्ट-अँपिअरचा आलेख असतो, तो उघडा. ३० व्होल्ट डीसीपर्यंत १० अँपिअर दाखवतील, मग रेघ धाडकन खाली येते. ११० व्होल्टला साधारण ०.३ ते ०.५ अँपिअर उरतात. तेही रेझिस्टिव्ह लोडला, म्हणजे नुसत्या हीटरसारख्या. तुमची तर ब्रेकची कॉइल आहे, लोखंडावर गुंडाळलेली. ती करंट सहजासहजी सोडत नाही. पॉइंट उघडला की स्वतःच व्होल्टेज वाढवून ठिणगी जिवंत ठेवते.

म्हणजे तुमचं मार्जिन अठरापट नाहीच. तुम्ही मर्यादेच्या पलीकडे आहात.

सायकलचाही हिशोब करा. दर १० सेकंदांनी, १६ तास, म्हणजे दिवसाला ५,७६० वेळा. प्लग-इन रिलेची मेकॅनिकल लाइफ १ कोटी लिहिलेली असते आणि सगळे तीच वाचतात. पूर्ण लोडवर इलेक्ट्रिकल लाइफ मात्र बहुतेकांची १ लाखाच्या आसपास असते. १ लाखाला ५,७६० ने भागा, १७ दिवस येतात. तेही एसीच्या सोप्या लोडवर. तुमचे रिले किती दिवस टिकले?

रात्रपाळी :

पहिला २२ दिवस, दुसरा १९, तिसरा २०. रजिस्टरमध्ये बघितलं. म्हणजे खरं तर तो बिचारा जास्तच टिकला.

पण मग रिले एसी बाजूला घेतला तर? तिथे शून्य येतं म्हणालात.

जुना पॅनेलवाला :

रिले मजेत राहील, ब्रेक उशिरा लागेल. एसी तोडली तरी कॉइलमधला करंट रेक्टिफायरच्याच डायोडमधून गोल गोल फिरत हळूहळू मरतो, आणि तो मरेपर्यंत स्प्रिंगला ब्रेक ओढता येत नाही. भरणीच्या मशीनला तो उशीर म्हणजे पेटी दर वेळी थोडी पुढे. मशीन बनवणाऱ्याने डीसी बाजू मुद्दाम घेतली आहे, ती बरोबरच आहे. चुकला तो पॉइंट निवडताना.

मी काय करीन ते सांगतो. रिलेच्या जागी छोटा तीन पोलचा काँटॅक्टर (मोटरसारख्या लोडसाठीचा दणकट रिलेच, तीन वेगळ्या पॉइंटांचा), कॉइल २४ व्होल्ट डीसी. त्याचे तिन्ही पोल सिरीजमध्ये जोडून ब्रेकच्या डीसी लाइनमध्ये घालायचे. प्रत्येक पोल दोन जागी तुटतो, म्हणजे एकाच ठिणगीचे सहा तुकडे होतात. कॅटलॉगमध्ये डीसीचा वेगळा तक्ता असतो, किती पोल सिरीजमध्ये घेतले की किती व्होल्टला किती अँपिअर. तोच बघायचा. मोटरसाठी छापलेला एसी-३ चा आकडा इथे कामाचा नाही. १ कोटी मेकॅनिकल लाइफचा काँटॅक्टर घेतलात तर वर्षाला ३०० दिवस धरून १७ लाख २८ हजार ऑपरेशन्स, पावणेसहा वर्षांच्या आसपास. पॉइंट त्याआधी जातील, पण तीन आठवड्यांत नाही.

दुसरं, ब्रेकच्या कॉइलवर व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार चढलं की ते गिळणारा भाग) आहे का बघा. बऱ्याच रेक्टिफायरच्या आतच असतो, पण डीसीच्या वायर पॅनेलपर्यंत आणल्या असतील तर काँटॅक्टरच्या टोकाशीही एक लावावा. तिथे ४००७ डायोड लावू नका. डायोड ठिणगी छान मारतो, पण ब्रेक पुन्हा उशिरा लागतो, म्हणजे डीसी बाजूला जाऊन मिळवलेलं सगळं परत दिलंत.

हो, आणि जुन्या रिलेच्या कॉइलवरही डायोड असणार, सॉकेटमध्ये मॉड्यूल खोचलेलं असतं. पीएलसीच्या आउटपुटसाठी तो चांगला. पण त्याच्यामुळे रिलेची पट्टी आळसावून उठते, पॉइंट सावकाश उघडतात आणि ठिणगीला जास्त वेळ मिळतो. नव्या काँटॅक्टरच्या कॉइलला व्हॅरिस्टर किंवा झेनरवालं मॉड्यूल घ्या.

हे सगळं मी शहाणपणाने शिकलेलो नाही. उमेदवारीत असताना ११० व्होल्ट बॅटरीच्या ब्रेकर पॅनेलवर टेस्टिंग करत होतो. ट्रिप कॉइलच्या (ब्रेकर पाडणाऱ्या कॉइलच्या) सिरीजमध्ये ब्रेकरचा ऑक्झिलरी पॉइंट असतो. ब्रेकर उघडला की तो पॉइंट कॉइलचा करंट तोडतो, रिलेला तोडावा लागत नाही. मी टेस्टपुरता तो ऑक्झिलरी बायपास केला. रिले उचलला, ब्रेकर पडला, रिले सोडला. आणि रिलेच्या पारदर्शक झाकणाआड एक जांभळी रेघ उभी राहिली. ठिणगी म्हणजे चमकून जाते अशी माझी समजूत होती. ही गेलीच नाही, शांतपणे जळत राहिली, प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी. फ्यूज ओढेपर्यंत सॉकेटही गेलं होतं. करंट किती होता? दोन अँपिअरसुद्धा नव्हता.

मिलीअँप :

काका मोठ्या लोडचं सांगतायत, मी उलट्या टोकाचं सांगते. इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, आमच्याकडे पॉइंट जळत नाहीत, रुसतात.

रात्रपाळी, तुमच्या लिमिट स्विचचा पॉइंट पीएलसीच्या इनपुटला जात असेल, २४ व्होल्ट, ५-७ मिलीअँप. चांदीच्या पॉइंटवर कालांतराने काळा थर येतो. मोठा करंट असला की तो थर प्रत्येक वेळी जळून पॉइंट स्वच्छ होतो. ५ मिलीअँपला तेवढी धग नसते. मग स्विच दाबलेला असूनही इनपुट कधी येतं, कधी नाही, आणि मल्टिमीटरने बघायला गेलं की नेमकं बरोबर दाखवतं. म्हणून डेटाशीटमध्ये कमाल करंटच्या जोडीला किमान करंटही बघा. सिग्नलसाठी सोन्याचा मुलामा दिलेले पॉइंट घ्यावेत.

आता यातली गंमत. आमच्या स्टोअरमध्ये सोन्याच्या पॉइंटचे रिले ‘चांगले’ म्हणून कोणीतरी सोलेनॉइड व्हॉल्व्हवर लावले. तिथून काढून ‘चालू आहेत’ म्हणून परत स्टोअरमध्ये. पुढे त्यातलाच एक मी प्रेशर ट्रिपच्या सिग्नलला लावला आणि तीन दिवस भूत शोधत बसले. साधारण ३० व्होल्ट, ५० मिलीअँपच्या वर असा पॉइंट एकदा वापरला की सोनं उडून जातं, खाली साधी चांदी उरते. बाहेरून काही कळत नाही. तेव्हापासून पॉवरच्या लोडवरून काढलेला रिले मी सिग्नलला लावत नाही, कोणी कितीही शपथ घेतली तरी.

एक आणखी. एसी कॉइलच्या पॉइंटवर आरसी स्नबर (ठिणगी मारणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावताना गणित करा. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ७ मिलीअँप सतत गळतात, पॉइंट उघडा असला तरी. काँटॅक्टरला ते जाणवत नाही, पण पुढे ६ मिलीमीटर रुंदीचा बारीक इंटरफेस रिले असेल तर तो तेवढ्यावरही ओढून धरतो. मग ‘रिले सुटत नाही’ म्हणून पुन्हा इथे प्रश्न येतो.

पक्कड :

ताई, ते शेवटचं माझ्याकडे झालंय. मी तीन रिले बदलले होते 🙏

रात्रपाळी :

खूप उपयोगी. पुश बटणांवर ‘ए६००, क्यू३००’ असं काहीतरी लिहिलंय, त्याचं काय? आणि एसएसआर? सध्याचा २५ अँपिअरचा आहे, हीटर २० अँपिअर घेतो, आणि उन्हाळ्यात तापून बंद पडतो.

जुना पॅनेलवाला :

बटणांचं सोपं आहे. ते कोड आयईसी ६०९४७-५-१ या स्टँडर्डमधले आहेत. ए६०० म्हणजे ब्लॉकमधून सतत १० अँपिअर वाहू शकतात, पण २४० व्होल्टला एसी-१५, म्हणजे काँटॅक्टरच्या कॉइलसारखा लोड तोडायचा असेल तर ३ अँपिअरच. क्यू३०० डीसीसाठी : १२५ व्होल्टला ०.५५, २५० व्होल्टला ०.२७. बघा, तोच ब्लॉक, तेच पॉइंट, आणि १० चे पाव अँपिअर झाले. तुमच्या रिलेची गोष्ट या दोन अक्षरांत आधीच लिहिलेली होती. कंट्रोलच्या कॉइलसाठी एवढं भरपूर आहे, त्यामुळे बटण निवडताना मी अँपिअरपेक्षा पाणी आणि तेल बघतो. आयपी ६७ ची टेस्ट धूळ आणि पाण्याची असते. कूलंट आणि तेलाबद्दल ती एक शब्द बोलत नाही, सील फुगून बटण आत अडकलेलं मी पाहिलंय. सीलचं रबर कोणतं ते विचारून घ्या.

एसएसआर २५ चा आणि लोड २०, तर चूक रेटिंगची नसून हीटसिंकची आहे. दर अँपिअरला सव्वा वॅट उष्णता धरा. २० अँपिअरला २५ वॅट, म्हणजे पॅनेलमध्ये सोल्डरिंग आयर्न कायम चालू ठेवल्यासारखं. २५ हा आकडा मोठ्या हीटसिंकवर आणि थंड हवेत मिळतो. ४० चा घ्या, हीटसिंकचे पंख उभे ठेवा, खाली-वर जागा सोडा, मधे थर्मल पेस्ट. हीटरला झीरो क्रॉसिंगवाला (एसी शून्यावर असताना चालू होणारा) चालतो.

आणि एसएसआर मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. त्याच्या आधी सिरीजमध्ये एक काँटॅक्टर आणि वेगळा ओव्हर-टेंपरेचर थर्मोस्टॅट हवाच. नसेल तर स्पेअरच्या यादीआधी हे करा.

मिलीअँप :

काका, इमर्जन्सी स्टॉपचं राहिलं. रात्रपाळी, मशरूम (इमर्जन्सी स्टॉपचं बटण) दाबल्यावर ब्रेक कशातून लागतो? त्याच पीएलसीच्या आउटपुटमधून आणि त्याच रिलेतून का?

रात्रपाळी :

आत्ता ड्रॉइंग काढून बघितलं. मशरूम मोटरचा मेन काँटॅक्टर पाडतो. ब्रेक मात्र त्याच रिलेतून.

जुना पॅनेलवाला :

मग ताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. रिले चिकटलेला असताना कोणी मशरूम दाबला तर मोटर सुटेल, ब्रेक लागणार नाही. तुमच्या पेटीचं झालं ते उद्या हाताचं होईल.

दोन ठिकाणी तोडा. डीसी लाइनमध्ये तीन पोलचा नवा काँटॅक्टर, वेगासाठी. आणि रेक्टिफायरला जाणारी एसी मेन काँटॅक्टरच्या पुढून घ्या, म्हणजे मशरूम दाबला की तीही जाईल. डीसीचे पोल चिकटले तरी ब्रेक लागेल, थोडा उशिरा, पण लागेल. एसी घेताना मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) नाही ना, एवढं बघा. व्हीएफडीच्या आउटपुटवरून ब्रेकचा रेक्टिफायर कधीच घ्यायचा नाही.

नव्या काँटॅक्टरला मिरर काँटॅक्टचा एनसी (कॉइल बंद असताना जुळलेला पॉइंट) घ्या, कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असतं. मेन पोल चिकटला असेल तर हा एनसी लागतच नाही. तो पीएलसीच्या इनपुटला द्या. कॉइल बंद, तरी एनसी आला नाही, की पुढची सायकल सुरूच करायची नाही.

मशरूम बदलताना ब्लॉकवर वर्तुळात बाण आहे का बघा. ती खूण म्हणजे पॉइंट वेल्ड झाला तरी दांडा तो जबरदस्तीने उघडतो. लिमिट स्विच गार्डच्या दारावर असेल तर त्यालाही तीच खूण हवी, आणि दार उघडताना दांडा दाबला जाईल असा बसवा. दार बंद असताना दाबलेला आणि उघडल्यावर स्प्रिंगने सुटणारा नको. स्प्रिंग तुटली की दार उघडं आणि मशीन चालू.

रात्रपाळी :

दहा दिवसांनी अपडेट देतोय. मोटर व्हीएफडीवर नाही, थेट आहे. काँटॅक्टर बसवला, तिन्ही पोल सिरीजमध्ये, एसी मेन काँटॅक्टरच्या पुढून घेतली. व्हॅरिस्टर रेक्टिफायरमध्ये होता, पॅनेलकडेही एक लावला. आज रविवारच्या बंदमध्ये काँटॅक्टर उघडला. ५७ हजारांच्या वर ऑपरेशन्स झालीत, पॉइंटवर फक्त करडा डाग आहे, टेंगूळ नाही.

एनसी फीडबॅकने पहिल्याच दिवशी मशीन दोनदा थांबवलं. काँटॅक्टर बरोबर होता, प्रोग्रॅममध्ये मी फीडबॅकसाठी २० मिलिसेकंदच थांबत होतो. १५० केले. साहेबांनी १६ अँपिअरचे सहा रिले आधीच मागवले होते, ते आता २४ व्होल्टच्या व्हॉल्व्हवर लावतोय.

मिलीअँप :

तिथून काढलेत तर माझ्याकडे पाठवू नका.